वंशावळीचा कागद आणि रक्तातील दोष : जातिवंत मांजरांतील आनुवंशिक विकार

धान्याच्या कोठीभोवती वावरणारे गावठी मांजर आणि शहरातील दिवाणखान्यात वाढणारे पर्शियन मांजर ही दोन्ही एकाच प्रजातीची आहेत. त्यांच्यातील अंतर निवडीचे आहे. गावठी मांजराची निवड उंदीर, ऋतुमान, रोगराई आणि रस्त्यावरील धोके यांनी केलेली असते. जे तगते तेच वाढते. जातिवंत मांजराची निवड माणसाच्या डोळ्याने केलेली असते. चेहऱ्याची ठेवण, केसांची लांबी, कानांचा आकार आणि डोळ्यांचा रंग पाहून जोड्या लावल्या जातात. डोळ्याला जे दिसत नाही, ते या निवडीत सहजपणे निसटून पुढच्या पिढीत जाते.

अलीकडे शहरांत आणि शहरांलगतच्या गावांतही मांजरांची पैदास हा घरगुती जोडधंदा म्हणून केला जातो. एक बोका आणि एक-दोन माद्या विकत घेऊन पिल्लांची विक्री करणारी कुटुंबे पशुवैद्यकाकडे किंवा विस्तार कार्यकर्त्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा खाद्य, लसीकरण आणि जंतनाशक यांविषयी असतात. जोडी लावण्यापूर्वी कोणती तपासणी करावी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रत्यक्षात सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते. वंशावळीचा कागद पूर्वज कोण होते एवढेच सांगतो. पूर्वजांनी काय दिले ते सांगत नाही. तो आरोग्याचा दाखला नव्हे.

जात कशी घडते आणि काय गमावते

मांजरांच्या बहुतेक आधुनिक जाती फार जुन्या नाहीत. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले आणि तेथून रूपाच्या मानकांवर आधारलेल्या पैदाशीला जोर आला. गाय, म्हैस किंवा घोडा यांच्या जाती शतकानुशतके कामासाठी घडत गेल्या. मांजरांच्या अनेक जाती मात्र दीड शतकाच्या आत, केवळ रूपासाठी आणि अगदी थोड्या मूळ प्राण्यांपासून निर्माण झाल्या. बर्मीज ही जात याचे ठळक उदाहरण आहे. १९३० साली ब्रह्मदेशातून अमेरिकेत नेलेल्या वाँग माऊ नावाच्या एका मादीपासून तेथील बर्मीज मांजरांची वंशावळ सुरू झाली.

प्रत्येक प्राण्याच्या पेशींत काही सदोष जनुके दडलेली असतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असल्याने एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते आणि प्राणी निरोगी दिसतो. नात्यातील दोन प्राण्यांचा संकर झाला, की दोघांनाही एकाच पूर्वजाकडून मिळालेली तीच बिघडलेली प्रत पिल्लात एकत्र येण्याची शक्यता वाढते. एखाद्या पारितोषिकविजेत्या बोक्याची पिल्ले सर्वत्र वापरली गेली, की काही पिढ्यांत त्या जातीतील जवळजवळ प्रत्येक मांजर त्याचे नातेवाईक बनते.

मधमाशीपालकांना हे तत्त्व परिचित आहे. एकाच वंशाच्या मर्यादित वसाहतींत राणी व नर यांचे लिंगनिश्चितीचे जनुक सारखे आले, की फलित अंड्यातून कामकरी माशीऐवजी द्विगुणित नर तयार होतो. कामकरी माशा अशा अळ्या खाऊन टाकतात आणि पिलाव्याच्या पोळ्यात ठिकठिकाणी रिकामी घरे दिसू लागतात. तेथे नात्यातील संकराचा परिणाम काही दिवसांत डोळ्यांपुढे येतो. मांजरांत तो दिसण्यास काही वेळा सात वर्षे लागतात.

पर्शियन : उशिरा उमटणारा मूत्रपिंडाचा विकार

भारतीय शहरांत सर्वाधिक परिचित असलेली जातिवंत मांजर पर्शियन होय. या जातीतील सर्वांत महत्त्वाचा आनुवंशिक विकार म्हणजे बहुपुटी मूत्रपिंड विकार. यात दोन्ही मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या लहान पुटी जन्मतःच असतात. वयाबरोबर त्या वाढतात, निरोगी ऊती दाबल्या जातात आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. लक्षणे बहुधा मध्यम वयात, सरासरी सातव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतात. मांजर जास्त पाणी पिते, लघवी वाढते, भूक मंदावते, वजन घटते, उलट्या होतात. या अवस्थेत उपचाराने त्रास कमी करता येतो; मूत्रपिंडे पूर्ववत करता येत नाहीत.

हा विकार प्रभावी जनुकामुळे होतो. त्यामुळे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष प्रत आली तरी पिल्लू विकारग्रस्त होते. विकारग्रस्त मांजराची जोडी निरोगी मांजराशी लावल्यास सरासरी निम्म्या पिल्लांत विकार उतरतो. दोन्ही प्रती सदोष असलेले गर्भ जन्मापूर्वीच नष्ट होतात असे मानले जाते. जनुकातील हा बिघाड २००४ साली ओळखला गेला. त्यापूर्वी विविध देशांत झालेल्या सोनोग्राफी पाहणींत पर्शियन मांजरांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मांजरांत पुटी आढळल्या होत्या.

येथे काळाचा हिशेब लक्षात घेणे आवश्यक आहे. पर्शियन मादी पहिल्या-दुसऱ्या वर्षी वीण देऊ लागते. सातव्या वर्षी ती आजारी पडेपर्यंत तिची अनेक पिल्ले विकली गेलेली असतात आणि त्यांतील काहींनाही पिल्ले झालेली असतात. पैदास करणाऱ्याने कोणतीही फसवणूक केलेली नसते. त्याने विकलेले पिल्लू विक्रीच्या दिवशी खरोखरच सुदृढ असते. तरीही ते घेणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला काही वर्षांनी खर्चिक आणि असाध्य आजार येतो. हे टाळण्याची वेळ एकच असते, जोडी लावण्यापूर्वीची.

उपायही तितकाच स्पष्ट आहे. गालाच्या आतील बाजूस फिरविलेल्या कापसाच्या बोळ्यावरून किंवा रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए तपासणी कोणत्याही वयात करता येते. अनुभवी पशुवैद्यकाने केलेली सोनोग्राफी सुमारे दहा महिन्यांच्या वयानंतर विश्वासार्ह ठरते. विकार प्रभावी असल्याने दोषमुक्त आई-वडिलांच्या पिल्लांत तो उतरत नाही. एका पिढीच्या शिस्तीने कळप स्वच्छ होऊ शकतो, असे फार थोड्या आनुवंशिक विकारांबाबत म्हणता येते.

पर्शियन मांजराच्या चपट्या चेहऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. बाजारात 'डॉल फेस' आणि 'पंच फेस' असे प्रकार सांगितले जातात व चेहरा जितका चपटा तितकी किंमत अधिक असते. मात्र नाक आत दबले, की अश्रुवाहिनी वळते आणि डोळे सतत पाझरतात. नाकपुड्या अरुंद होऊन श्वासाला अडथळा येतो. दात वेडेवाकडे येतात. पिल्लांच्या मोठ्या, गोल डोक्यामुळे प्रसूती अडू शकते. उष्ण प्रदेशात अशा मांजरांना श्वासाचा त्रास अधिक जाणवतो. यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. मध्यम लांबीच्या नाकाची आणि मोकळ्या नाकपुड्यांची जोडी निवडणे, हाच उपाय आहे.

जेथे रूप हाच विकार आहे

स्कॉटिश फोल्ड जातीच्या मांजराचे कान पुढे दुमडलेले असतात. १९६१ साली स्कॉटलंडमधील पर्थशायर भागातील एका शेतावर सूझी नावाच्या पांढऱ्या मांजरीत ही ठेवण प्रथम लक्षात आली. कान दुमडतो तो कूर्चा मऊ व सदोष असल्यामुळे. तीच सदोष कूर्चा शरीरातील सांध्यांतही असते. त्यामुळे अशा मांजरांचे शेपूट ताठर होते, घोटे व पंजे जाड होतात, चालणे अवघडते आणि सांध्यांत वेदना राहतात. दोन्ही प्रती सदोष असल्यास विकार लवकर व तीव्र स्वरूपात येतो. एक प्रत असल्यास तीव्रता कमी-अधिक असते, परंतु दुमडलेले कान असलेले मांजर पूर्णतः निर्धोक मानता येत नाही. या विकारास कारणीभूत जनुकीय बदल २०१६ साली स्पष्ट झाला.

येथे तपासणी करून निरोगी 'फोल्ड' निवडता येत नाही, कारण जे रूप हवे आहे तेच विकाराचे लक्षण आहे. ब्रिटनमधील प्रमुख नोंदणी संस्थेने १९७०च्या दशकातच या जातीची नोंद थांबविली. नेदरलँड्समध्ये तिच्या पैदाशीवर बंदी आहे. अशा जातीबाबत योग्य सल्ला एकच : पैदास करू नये.

आयल ऑफ मॅन बेटावरील बिनशेपटीची मँक्स मांजरे याच प्रकारात येतात. शेपूट नाहीसे करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आल्यास गर्भ जगत नाही. एक प्रत असलेल्या काही पिल्लांत पाठीचा कणा व मज्जारज्जू यांची रचना बिघडते आणि मल-मूत्रावरील नियंत्रण राहत नाही.

विजेत्याच्या चेहऱ्यामागील जनुक

अमेरिकेतील बर्मीज मांजरांत १९७०च्या दशकात आखूड नाकाचा, गोलसर चेहऱ्याचा एक वंश लोकप्रिय झाला. प्रदर्शनांत त्याला मान मिळू लागला आणि त्या वंशातील बोके सर्वत्र वापरले गेले. काही काळाने अशा दोन मांजरांच्या जोडीतून कवटी व चेहरा यांची गंभीर विकृती असलेली पिल्ले जन्मू लागली. ती जगू शकत नव्हती. जनुकीय कारण २०१६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा उलगडा झाला : ज्या जनुकाची एक सदोष प्रत तो हवाहवासा गोल चेहरा देते, त्याच्या दोन प्रती पिल्लाचा जीव घेतात. परीक्षक नकळत वाहक मांजरांनाच पारितोषिके देत होते. दोन वाहकांची जोडी लावल्यास सरासरी चारांपैकी एका पिल्लाच्या वाट्याला ही विकृती येते.

निरोगी दिसणारे वाहक

अॅबिसिनियन आणि तिच्याशी संबंधित सोमाली या जातींत दृष्टिपटलाचा ऱ्हास करणारा विकार आढळतो. पिल्लू सामान्य दृष्टी घेऊन जन्मते. दीड-दोन वर्षांच्या वयात तपासणीत बदल दिसू लागतात आणि पुढे काही वर्षांत अंधत्व येते. हा विकार अप्रभावी जनुकामुळे होतो. एक सदोष प्रत असलेले मांजर आयुष्यभर निरोगी राहते, मात्र ते वाहक असते. दोन वाहकांच्या जोडीतून सरासरी चारांपैकी एक पिल्लू विकारग्रस्त, दोन वाहक आणि एक पूर्णतः दोषमुक्त जन्मते. संबंधित जनुक २००७ साली ओळखले गेले असून डीएनए तपासणी उपलब्ध आहे.

अशा विकारांत एक चूक वारंवार घडते. वाहक सापडला, की त्याला तत्काळ पैदाशीतून बाद केले जाते. जात आधीच लहान असेल, तर सर्व वाहक एकदम काढल्याने उरलेली मांजरे परस्परांची अधिक जवळची नातेवाईक ठरतात आणि दुसरा एखादा दडलेला दोष वर येतो. वाहक मांजर अन्य गुणांनी उत्तम असल्यास त्याची जोडी केवळ दोषमुक्त मांजराशी लावावी. त्यातून एकही पिल्लू विकारग्रस्त होत नाही. पिल्लांची तपासणी करून दोषमुक्त पिल्ले पुढील पैदाशीसाठी ठेवावीत. असे केल्याने वंशाचे चांगले गुण टिकतात व दोष एक-दोन पिढ्यांत मागे पडतो.

तपासणीची मर्यादा : मेन कून व रॅगडॉल

मेन कून जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार आढळतो. त्याच्याशी संबंधित जनुकीय बदल मेन कूनमध्ये २००५ साली आणि त्याच जनुकातील वेगळा बदल रॅगडॉल जातीत २००७ साली सापडला. या विकारात जनुक असूनही प्रत्येक मांजर आजारी पडत नाही. दोन्ही प्रती सदोष असणाऱ्यांना धोका बराच अधिक असतो. उलटपक्षी, हे जनुक नसलेल्या मांजरातही अन्य कारणांनी हाच विकार होऊ शकतो. म्हणून डीएनए अहवाल दोषमुक्त असला तरी पैदाशीच्या मांजरांची हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळाने करावी लागते.

या विकारात हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या रोहिणीत अडकू शकते. मांजर अचानक ओरडते, मागचे पाय लुळे व थंड पडतात. अशा प्रसंगी पडल्याने मार लागला असावा किंवा काही चावले असावे, असा समज होतो व वेळ जातो. ही तातडीची अवस्था असून मांजराला त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावे.

रक्तगट : पहिल्याच दिवशीचा धोका

मांजरांत अ आणि ब हे दोन प्रमुख रक्तगट आहेत. बहुसंख्य मांजरे अ गटाची असतात. ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स, कॉर्निश रेक्स अशा जातींत ब गटाचे प्रमाण लक्षणीय असते. ब गटाच्या मांजरांच्या रक्तात अ गटाविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे निसर्गतःच असतात. ब गटाच्या मादीला अ गटाच्या बोक्यापासून अ गटाची पिल्ले झाली, की ती जन्मतः ठणठणीत असतात. चीक प्याल्यानंतर मात्र आईची प्रतिपिंडे त्यांच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. पिल्ले निस्तेज होतात, लघवी गडद तांबूस होते, कावीळ दिसते आणि काही दिवसांत ती दगावतात. मादीचे दूध बाधले किंवा नजर लागली, अशी समजूत करून घेतली जाते.

हे मृत्यू पूर्णपणे टाळता येतात. जोडी लावण्यापूर्वी दोघांचे रक्तगट तपासावेत आणि ब गटाच्या मादीसाठी ब गटाचाच बोका निवडावा. अशी जोडी आधीच लागली असेल, तर पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली पिल्लांना पहिले २४ तास आईचा चीक पिऊ न देता मांजरांसाठीचे पर्यायी दूध द्यावे किंवा अ गटाच्या व्यालेल्या मादीखाली ठेवावे. त्यानंतर ती आईकडे परत देता येतात. रक्त देण्याची वेळ आल्यासही गट तपासणे अत्यावश्यक आहे. ब गटाच्या मांजरास अ गटाचे थोडेसे रक्तही जीवघेणे ठरू शकते.

गोठ्यातील अनुभव

हे सारे मांजरांपुरते मर्यादित आहे असे समजू नये. १९५२ साली जन्मलेला ऑस्बोर्नडेल आयव्हनहो हा होल्स्टिन वळू दुग्धगुणांमुळे जगभर गाजला. त्याचे वंशज कृत्रिम रेतनाद्वारे अनेक देशांत पसरले आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या पेशींच्या कार्यात बिघाड करणारे एक अप्रभावी जनुकही पसरले. दोन प्रती मिळालेली वासरे वारंवार न्यूमोनिया व हगवणीने आजारी पडत आणि बहुधा लहानपणीच दगावत. हाच तो 'ब्लॅड' विकार. १९९०च्या दशकाच्या आरंभी त्याची डीएनए तपासणी उपलब्ध झाली आणि वाहक वळू ओळखता येऊ लागले. भारतातील गोठित रेतकेंद्रांच्या मानक कार्यपद्धतीतही वळूंची ब्लॅडसह काही आनुवंशिक विकारांसाठी तपासणी अपेक्षित आहे. शेतकरी रेतमात्रा घेतो तेव्हा त्यामागे ही तपासणी उभी असते. घरगुती मांजर-पैदाशीत असे केंद्र नसते; ती जबाबदारी पैदास करणाऱ्यानेच घ्यावयाची असते.

विस्तार कार्यकर्त्यांनी द्यावयाचा सल्ला

१. पैदाशीसाठी मांजर विकत घेताना वंशावळीबरोबर आई-वडिलांचे डीएनए तपासणी अहवाल मागावेत. अहवालावर त्या मांजराची ओळख पटविणारा मायक्रोचिप क्रमांक असल्यास उत्तम.

२. जातीनुसार तपासणी ठरवावी : पर्शियन व तिच्या संकरांसाठी मूत्रपिंड विकार, मेन कून व रॅगडॉलसाठी हृदयविकार, अॅबिसिनियन व सोमालीसाठी दृष्टिपटल विकार, ब्रिटिश शॉर्टहेअर व रेक्स जातींसाठी रक्तगट. नमुना कोठे पाठवावा याची माहिती नजीकच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून घ्यावी.

३. भाऊ-बहीण, बाप-मुलगी अशा जोड्या लावू नयेत. एकाच विक्रेत्याकडून बोका व मादी दोन्ही घेतल्यास त्यांचे नाते आधी विचारावे.

४. दुमडलेल्या कानांच्या मांजरांची पैदास करू नये आणि अतिचपट्या चेहऱ्याच्या दोन मांजरांची जोडी लावू नये.

५. प्रत्येक विणीची नोंदवही ठेवावी. मृत पिल्ले, जन्मजात व्यंगे आणि विकलेल्या पिल्लांबाबत पुढे आलेल्या तक्रारी यांचीही नोंद करावी. एखादी जोडी पुन्हा लावावी की नाही, हे ठरविण्यासाठी या नोंदी वंशावळीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

६. विकारग्रस्त आढळलेले मांजर टाकून देऊ नये. त्याची नसबंदी करून त्याला घरात सुखाने सांभाळता येते. मूत्रपिंडात पुटी असलेले मांजरही योग्य आहार व नियमित तपासणी यांच्या साहाय्याने अनेक वर्षे चांगले जगू शकते.

डीएनए तपासणीचा खर्च एका पिल्लाच्या विक्रीतून भागण्यासारखा असतो आणि पर्शियनमधील मूत्रपिंड विकारासारख्या चाचणीसाठी तो प्रत्येक मांजरामागे आयुष्यात एकदाच करावा लागतो. तो टाळल्यास त्याची किंमत विक्रेत्याला नव्हे, तर पिल्लाला आणि ते जीव लावून वाढविणाऱ्या घराला मोजावी लागते. म्हणून पैदाशीचा सल्ला मागणाऱ्यास खाद्य आणि लसीकरण यांच्याआधी विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा : जोडीची तपासणी झाली आहे काय?